पाणवठ्यावरचे पक्षी आणि कासवे: सामुदायिक नोंदींसाठी ई-बर्ड व आयनॅचरलिस्ट या दोन सेवांचे परीक्षण

एखाद्या तळ्याकाठी, नदीकाठी किंवा समुद्रकिनाऱ्यावर नियमित फिरणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन तिथल्या पक्ष्यांवर आणि कासवांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे ठरवले, की नोंदी कुठे आणि कशा ठेवायच्या हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. वहीत नोंदी ठेवण्यात गैर काहीच नाही, आणि ज्यांनी अशा वह्या दीर्घकाळ निष्ठेने चालवल्या त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु वहीतली ओळख जाणकाराकडून तपासून घेणे अवघड असते, एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींशी सहज जोडता येत नाहीत, आणि वही सांभाळणारी व्यक्ती दुसरीकडे राहायला गेली की बहुतेक वेळा वहीही तिच्याबरोबर जाते. या अडचणींवर उपाय म्हणून ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निरीक्षणे इंटरनेटवर नोंदवण्याच्या दोन विनामूल्य सेवा आज जगभर वापरल्या जातात. पक्षी आणि कासवे या दोन्हींची देखरेख करणाऱ्या स्थानिक गटाला त्या कितपत उपयोगी पडतात, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करते. पक्ष्यांसाठी ई-बर्ड ही निःसंशय उत्तम सेवा आहे आणि कोणत्याही गटाने ती बिनदिक्कत स्वीकारावी. कासवांसाठी आयनॅचरलिस्ट ओळख आणि पुरावा ही दोन कामे चोख करते, मात्र देखरेखीचा उरलेला मोठा भाग ती गटाच्या शिस्तीवर सोडून देते. हा भाग कोणता, हे नीट कळल्याशिवाय तिचा खरा उपयोग करून घेता येत नाही.

प्राणी दिसल्याची नोंद आणि प्राण्यांची देखरेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळ्यावर टिबुकली दिसली, ही झाली दर्शनाची नोंद. टिबुकल्या वाढत आहेत की कमी होत आहेत हे सांगायचे असेल, तर किती वेळा तळ्यावर जाऊन, किती वेळ पाहून, किती वेळा त्या दिसल्या आणि किती वेळा दिसल्या नाहीत, हे सगळे कळावे लागते. एका वर्षी दहा आणि दुसऱ्या वर्षी तीस नोंदी झाल्या म्हणून टिबुकल्या तिपटीने वाढल्या असे होत नाही. कदाचित दुसऱ्या वर्षी पाहणारेच तिप्पट झाले असतील. न दिसल्याची नोंद आणि पाहण्यासाठी घेतलेल्या श्रमांची नोंद, या दोन गोष्टी ज्या सेवेत आपोआप होतात तिच्यावर देखरेखीची इमारत उभी राहू शकते. ई-बर्डचे मोठेपण माझ्या मते इथेच आहे.

ई-बर्ड २००२ मध्ये कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी या संस्थांनी सुरू केले. सुटा पक्षी हा तिथल्या नोंदीचा एकक नाही. एका ठिकाणी, एका वेळी केलेली संपूर्ण यादी हा एकक आहे. यादी सुरू करताना वेळ आपोआप नोंदली जाते, फोनमधील जीपीएसच्या साहाय्याने चाललेले अंतर मोजले जाते, सोबत किती निरीक्षक होते हे विचारले जाते, आणि शेवटी एक प्रश्न येतो: तुम्हाला ओळखता आलेले सर्व पक्षी या यादीत आहेत का? या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘होय’ असे उत्तर दिले, की ती ‘पूर्ण यादी’ ठरते आणि तिच्यात नसलेला प्रत्येक पक्षी त्या वेळी त्या ठिकाणी आढळला नाही, असा अर्थ अभ्यासकांना काढता येतो. निरीक्षकाला वेगळे काहीही लिहावे लागत नाही आणि तरीही न दिसल्याची नोंद होऊन जाते.

याचा फायदा आकड्यांत पाहणे सोपे आहे. समजा, एका तळ्यावरच्या पहिल्या वर्षीच्या शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळीस याद्यांत वारकरी हा पाणपक्षी आहे आणि काही वर्षांनंतर दोनशे याद्यांपैकी पन्नास याद्यांत आहे. नुसत्या नोंदी मोजल्या तर चाळीसच्या पन्नास झाल्या, म्हणजे पक्षी वाढला असे वाटेल. याद्यांच्या प्रमाणात पाहिले तर चाळीस टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांवर घसरण दिसते, आणि गटाने ज्याची काळजी करायला हवी ती हीच घसरण आहे. म्हणूनच केवळ दुर्मीळ किंवा देखणे पक्षी टिपून यादी ‘अपूर्ण’ म्हणून पाठवणे मला फार नुकसानीचे वाटते. कावळा, साळुंकी, टिटवी आणि वंचक यांना वगळून केलेली यादी देखरेखीच्या कामाला जवळपास निरुपयोगी असते, कारण उद्या यांच्यापैकी एखादा पक्षी ओसरू लागला तर तो कधीपासून ओसरला हे सांगणारी दुसरी कोणतीही नोंद हाताशी नसेल.

यादीच्या प्रकारांची विभागणीही विचारपूर्वक केलेली आहे. तीस मीटरच्या आत एका जागी थांबून केलेले निरीक्षण ‘स्थिर’, त्याहून अधिक चालत केलेले ‘फिरते’, आणि दुसऱ्याच कामात असताना सहज दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ‘प्रासंगिक’. गटासाठी माझी शिफारस अशी, की तळ्याकाठच्या ठरावीक जागा निश्चित कराव्यात आणि तिथे दर वेळी पंधरा मिनिटांच्या स्थिर याद्या कराव्यात. अर्धा दिवस भटकून केलेल्या एका लांबलचक यादीपेक्षा अशा छोट्या याद्या अधिक उपयोगी ठरतात, कारण कोणता पक्षी नेमका कुठे आणि किती वाजता होता हे त्यांतून कळते, आणि नव्या सदस्यालाही पंधरा मिनिटे एकाग्र राहणे जमते. संख्येच्या जागी फुली टाकून केवळ ‘आढळला’ असे नोंदवण्याची सोय आहे, पण ती शक्यतो टाळावी. हळदीकुंकू बदकांचा थवा सुमारे चाळीसचा वाटला तर चाळीस लिहावे. अंदाज फुलीपेक्षा केव्हाही बरा.

गटाने एकत्र पाहिले असेल तर एकानेच यादी करून ती इतरांना पाठवावी. प्रत्येकाला आपल्या प्रतीत बदल करता येतो, एखाद्याने न पाहिलेला पक्षी वगळता येतो आणि विश्लेषणात मात्र ती भेट एकदाच धरली जाते. ही सोय न वापरता पाच जणांनी पाच याद्या स्वतंत्रपणे पाठवल्या, तर तेच पाच बगळे पंचवीस होतात. नव्या गटांत असे वारंवार घडत असल्याने पहिल्याच दिवशी हे समजावून सांगितलेले चांगले.

ओळख तपासण्याची व्यवस्था दोन पायऱ्यांची आहे. त्या प्रदेशात त्या महिन्यात अपेक्षित नसलेला पक्षी किंवा नेहमीपेक्षा फार मोठी संख्या नोंदवली, तर ई-बर्ड लगेच तपशील मागते. त्यानंतर त्या भागातील स्वयंसेवक परीक्षक नोंद पाहतात, गरज वाटल्यास निरीक्षकाला लिहून विचारतात, आणि खात्री पटेपर्यंत ती नोंद सार्वजनिक माहितीत येत नाही. निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत मात्र ती राहते. काहींना हा अविश्वास वाटतो. मला तो आदर वाटतो, कारण आपली नोंद कोणीतरी लक्षपूर्वक वाचत आहे, याचा तो पुरावा आहे. शिवाय खात्री नसल्यास ‘अमुक किंवा तमुक’ अशी जोडनोंद किंवा केवळ ‘घार-गरुड कुळातील पक्षी’ इतकीच नोंद करण्याची मुभा आहे. दूर चिखलात पळणाऱ्या छोट्या तुतवाऱ्यांचे नाव ओढूनताणून लिहिण्यापेक्षा या मोकळिकीचा लाभ घेणे केव्हाही योग्य.

याच कॉर्नेल लॅबचे मर्लिन हे ओळख सुचवणारे ॲप आहे आणि २०२१ पासून ते आवाजावरूनही नावे सुचवते. शिकण्यासाठी ते अप्रतिम आहे. कानावर पडणाऱ्या गलक्यातून एकेक आवाज वेगळा ऐकायला ते शिकवते. मात्र मर्लिनने नाव दाखवले एवढ्या आधारावर पक्षी यादीत घालू नये. स्वतः पाहून किंवा ऐकून खात्री झाली तरच घालावा.

अशा नोंदींतून पुढे काय होते, हा प्रश्न गटातील नवे सदस्य नेहमी विचारतात आणि त्याची समाधानकारक उत्तरे देता येतात. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीमध्ये २०१४ पासून ‘बर्डरिटर्न्स’ हा उपक्रम द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने चालवला. स्थलांतरी पाणपक्षी नेमके कोणत्या आठवड्यांत, कोणत्या भागात उतरतात हे ई-बर्डच्या नोंदींवर आधारलेल्या विश्लेषणातून शोधायचे आणि तेवढेच आठवडे भातखाचरांत उथळ पाणी राखण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला द्यायचा, अशी ती योजना होती. जमीन विकत न घेता, गरजेच्या काळापुरता अधिवास निर्माण करण्याची ही कल्पना सामान्य निरीक्षकांनी पाठवलेल्या याद्यांशिवाय शक्यच झाली नसती. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवालही सुमारे ३०,००० निरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतलेला असून १७८ जातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिलेले आहे. आपल्या तळ्यावरची टिटवीची नोंद अशा कामांत पोचते, हे मला आजही विलक्षण वाटते.

ई-बर्डच्या मर्यादाही आहेत. लोक सोयीच्या आणि सुंदर ठिकाणीच जातात, त्यामुळे प्रसिद्ध जलाशयावर याद्यांचा ढीग पडतो आणि शेजारच्या दुर्लक्षित डबक्यावर एकही यादी नसते. ही उणीव सेवेची कमी आणि आपल्या सवयींची जास्त आहे. गटाने मुद्दाम ‘कंटाळवाण्या’ जागा वाटून घेतल्या तर ती भरून निघते. दुसरी मर्यादा मात्र सेवेच्या रचनेतच आहे. ई-बर्ड फक्त पक्ष्यांसाठी आहे. त्याच ओंडक्यावर पाणकावळ्याच्या शेजारी ऊन खात बसलेल्या कासवांना तिथे जागा नाही.

त्यांच्यासाठी आयनॅचरलिस्टकडे वळावे लागते. २००८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून या सेवेचा जन्म झाला. पुढे २०१४ मध्ये ती कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचा भाग झाली आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. इथे एकक आहे तो एका सजीवाशी झालेली एक भेट: काय दिसले, कुठे, कधी, आणि त्याचा पुरावा. पुरावा म्हणजे बहुतेक वेळा छायाचित्र. जगातील कोणताही जाणकार ते पाहून ओळख सुचवू शकतो. तारीख, ठिकाण आणि छायाचित्र असलेल्या वन्य प्राण्याच्या नोंदीवर ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीच्या पातळीवर एकमत झाले, की ती नोंद ‘संशोधन दर्जा’ मिळवते आणि योग्य परवाना दिलेला असल्यास जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते. हा परवान्याचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘सर्व हक्क राखीव’ असा पर्याय निवडला तर आपली नोंद त्या साठ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून खाते उघडताना हा पर्याय डोळसपणे निवडावा.

कासवांच्या बाबतीत पुराव्यावर आधारलेली ही पद्धत फार चांगली बसते. पक्षी उडून गेल्यावर निरीक्षकाच्या शब्दावर विसंबावे लागते, तर कासवाच्या कवचावर त्याची ओळख जणू लिहिलेलीच असते. समुद्री कासवांचेच पाहा. पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना असलेले मोठे खवले मोजले, तर हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला ते चार-चार असतात, लॉगरहेडला सहसा पाच-पाच, आणि ऑलिव्ह रिडलेला सहा किंवा त्याहून अधिक. त्यातही रिडलेच्या डाव्या-उजव्या बाजूंची संख्या अनेकदा सारखी नसते. लेदरबॅकच्या पाठीवर असे खवलेच नसतात, कातडीसारख्या आवरणावर लांब उभे कंगोरे असतात. हिरवे कासव आणि हॉक्सबिल यांच्यात घोटाळा झाला तर दोन डोळ्यांच्या मधोमध नाकाच्या वरच्या बाजूला पाहावे: हिरव्या कासवाला तिथे खवल्यांची एक जोडी असते, हॉक्सबिलला दोन. त्यामुळे वरून संपूर्ण पाठीचे एक आणि डोक्याचे एका बाजूने एक, अशी दोन स्वच्छ छायाचित्रे असली की जाणकाराला ओळख पटवणे सोपे जाते. डोक्याच्या बाजूवरील खवल्यांची रचना प्रत्येक समुद्री कासवात वेगळी असल्याने पुढे तेच कासव पुन्हा दिसले तर ते ओळखण्याचीही शक्यता राहते.

कासव समोर नसतानाही नोंद होऊ शकते, ही या सेवेची आणखी एक जमेची बाजू. अंडी घालायला येऊन गेलेल्या मादीचा वाळूवरचा माग, रिकामे कवच, फुटलेल्या अंड्यांची टरफले, रस्त्यावर चिरडलेले कासव, या सर्वांची रीतसर नोंद करता येते आणि ‘जिवंत की मृत’, ‘पुरावा कोणत्या प्रकारचा’ अशा खुणाही जोडता येतात. मागाचे छायाचित्र काढताना त्याची पूर्ण रुंदी चौकटीत यावी आणि मोजपट्टी किंवा मापाची एखादी वस्तू शेजारी ठेवावी. वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांच्या खुणा दोन्ही बाजूंना समोरासमोर उमटल्या असतील तर मादी हिरव्या कासवाची किंवा लेदरबॅकची असण्याची शक्यता असते; एकाआड एक उमटल्या असतील तर लॉगरहेड, हॉक्सबिल किंवा ऑलिव्ह रिडले. हे सगळे सकाळच्या उजेडात टिपता येते, आणि तसेच टिपावे. रात्री किनाऱ्यावर चढणाऱ्या मादीच्या तोंडावर प्रकाश मारून किंवा फ्लॅश वापरून मिळवलेली नोंद कितीही सुस्पष्ट असली तरी ती करू नये, कारण बिचकलेली मादी अंडी न घालताच पाण्यात परतू शकते. तसेच पोटाकडचा भाग दिसावा म्हणून जिवंत कासव उलटे करू नये. कासवांना हात लावण्यासाठी अनेक ठिकाणी कायद्याने परवानगी लागते, आणि नसती लागली तरी हौशी निरीक्षकाने अंतर राखणेच योग्य ठरले असते.

संगणकाने सुचवलेल्या नावांविषयी सावधगिरी हवी. आयनॅचरलिस्टची दृश्य-ओळख प्रणाली छायाचित्र आणि ठिकाण पाहून नावे सुचवते, आणि स्वच्छ छायाचित्रातील प्रौढ कासवाबाबत ती चांगली मदत करते. पण शेवाळाने माखलेले कवच, नुकतेच जन्मलेले पिल्लू किंवा पाण्याबाहेर काढलेले नुसते नाक, यांवर तिने आत्मविश्वासाने दिलेले नाव तसेच स्वीकारणे धोक्याचे आहे. दुसऱ्या सदस्यानेही तेच सुचवलेले नाव न तपासता ‘मान्य’ केले, तर दोघांच्या एकमताने चुकीची नोंद संशोधन दर्जाची ठरते. गटातील मैत्रीपोटी दिलेली मान्यता हा या सेवेतला सर्वांत कमकुवत दुवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खात्री नसेल तर ‘कासव’ या गणाच्या पातळीवर थांबावे. पुढची ओळख जाणकार करतात.

स्थानिक गटाला आयनॅचरलिस्टचा आणखी एक उपयोग होतो, तो म्हणजे परक्या कासवांचा शोध. पाळण्यासाठी जगभर विकले गेलेले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले रेड-इअर्ड स्लायडर हे कासव मूळचे उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्याचे. घरातल्या टाकीत मावेनासे झाले की लोक ते जवळच्या तळ्यात सोडून देतात, आणि तिथे ते स्थानिक कासवांशी खाद्यासाठी व ऊन खाण्याच्या जागांसाठी स्पर्धा करते. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. एखाद्या तळ्यातील पहिला स्लायडर छायाचित्रासह वेळीच नोंदवला गेला, तर वन्यजीव विभागाला त्याची दखल घेता येते. त्यांची वीण सुरू झाल्यावर मात्र ते काम फार अवघड होऊन बसते. टाकीत किंवा प्राणिसंग्रहालयात पाहिलेले कासव नोंदवायचेच असेल, तर ते बंदिस्त असल्याची खूण न विसरता करावी.

आता सर्वांत नाजूक विषय. कासवांची चोरटी शिकार आणि व्यापार हे त्यांच्यापुढचे मोठे संकट आहे. जगातील कासवांच्या सुमारे ३६० जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती धोक्यात आहेत. अशा वेळी नोंदीतले नेमके ठिकाण चुकीच्या हाती पडले, तर आपलीच देखरेख त्यांच्या जिवावर उठेल. धोक्यात असलेल्या अनेक जातींचे ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करते: खऱ्या जागेऐवजी अक्षांश-रेखांशांच्या ०.२ अंशांच्या चौकोनातला कोणताही एक बिंदू दाखवला जातो. विषुववृत्ताजवळ या चौकोनाची बाजू साधारण बावीस किलोमीटर भरते. एखाद्या जातीला हे संरक्षण आपोआप मिळत नसेल, तर निरीक्षकाला स्वतः ठिकाण धूसर किंवा पूर्ण खासगी करता येते, आणि गटाच्या प्रकल्पातील विश्वासू व्यवस्थापकांना खरे ठिकाण पाहण्याची परवानगीही देता येते. ही व्यवस्था मला समाधानकारक वाटते, परंतु ती माणसाच्या निष्काळजीपणापुढे हतबल आहे. छायाचित्राच्या पार्श्वभूमीत ओळखीचा पूल दिसत असेल, टिपणात घाटाचे नाव लिहिले असेल किंवा प्रकल्पाच्या नावातच तळ्याचे नाव असेल, तर धूसर केलेल्या बिंदूला काही अर्थ उरत नाही. ई-बर्डही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी ठिकाणे सार्वजनिक होऊ देत नाही, तरी घुबडाच्या किंवा गरुडाच्या घरट्याची यादी पिल्ले उडून जाईपर्यंत लोकांसमोर न आणणेच बरे.

आणि आता आयनॅचरलिस्टची ती उणीव, जिचा उल्लेख सुरुवातीला केला. किती वेळ शोधले आणि कोणत्या दिवशी एकही कासव दिसले नाही, हे विचारणारा रकाना इथल्या साध्या नोंदीत नाही. कासवांच्या बाबतीत ही उणीव पक्ष्यांहून अधिक जाचते. बहुतेक कासवे उशिरा वयात येतात आणि दीर्घकाळ जगतात. त्यामुळे अंडी आणि पिल्ले वर्षानुवर्षे नष्ट होत राहिली, तरी ओंडक्यावर प्रौढ कासवे दिसतच राहतात आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. खरी स्थिती समजायला लहान-मोठ्या आकारांची वेगवेगळी मोजणी आणि दशकभराहून मोठी नोंदमाला लागते. त्यातच ऊन खायला बाहेर येणे हवेवर अवलंबून असते. थंड रात्रीनंतरच्या स्वच्छ सकाळी ओंडका भरलेला असतो, आणि ढगाळ दिवशी त्याच तळ्यातली तीच कासवे पाण्याखाली असतात. मऊ कवचाची कासवे तर बऱ्याचदा चिखलात किंवा वाळूत स्वतःला गाडून घेतात. वेळ, हवामान आणि शून्याची नोंद यांच्याविना केवळ छायाचित्रांच्या संख्येवरून निष्कर्ष काढला, तर तो कासवांबद्दल कमी आणि निरीक्षकांच्या सवडीबद्दल जास्त सांगेल.

यावर मला सर्वांत व्यवहार्य वाटलेला तोडगा दोन्ही सेवा एकत्र वापरण्याचा आहे. ठरलेल्या जागेवर ई-बर्डची स्थिर यादी सुरू करावी. वेळ, कालावधी आणि निरीक्षकांची संख्या तिथे नोंदली जातेच. त्याच पंधरा मिनिटांत दुर्बिणीतून ओंडके, खडक आणि काठ पाहून कासवे मोजावीत आणि यादीच्या टिपणात नेहमी एकाच साच्यात लिहावे, उदाहरणार्थ ‘कासवे: मोठी ४, लहान १, ऊन स्वच्छ’. एकही नसेल तर ‘कासवे: ०’ हे आवर्जून लिहावे. ई-बर्डच्या शोधात ही टिपणे सापडणार नाहीत, पण आपल्या सर्व नोंदी उतरवून घेतल्यावर मिळणाऱ्या तक्त्यात यादीची टिपणेही येतात, आणि साचा एकच असल्यास त्यातून कासवांचे आकडे वेगळे काढता येतात. ओळख पटण्याजोगे छायाचित्र मिळाले तर तेवढे आयनॅचरलिस्टवर चढवावे. मोजणी करताना काठावर सावकाश आणि लांबूनच यावे. एक कासव पाण्यात घसरले, की बाकीची पाठोपाठ जातात आणि त्या दिवशीचा आकडा हातचा जातो.

वापराच्या सोयीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दोन्ही ॲप नेटवर्क नसतानाही नोंद फोनमध्ये साठवतात. ई-बर्डसाठी त्या भागातील पक्ष्यांची यादी आधी उतरवून ठेवावी. आयनॅचरलिस्टवर सदस्यांना प्रचलित स्थानिक नावे स्वतः जोडता येतात, हे इंग्रजीची सवय नसलेल्या सदस्यांसाठी महत्त्वाचे आहे. ज्यांना फोनशी झटापट नको असते अशा ज्येष्ठ निरीक्षकांना ॲप वापरण्याचा आग्रह करू नये. त्यांनी पक्षी ओळखावेत आणि शेजारच्या तरुण सदस्याने ते टिपावेत, ही जोडी सर्वांत चांगली जमते, कारण नोंदीबरोबर ओळखण्याची हातोटीही पुढे जाते.

ज्या गटाला केवळ पक्षी पाहायचे आहेत त्याने ई-बर्ड घ्यावे आणि दुसरीकडे पाहूही नये. ज्यांना परिसरात कोणकोणते जीव आहेत याचा धांडोळा घ्यायचा आहे, त्यांना आयनॅचरलिस्ट पुरेसे आहे. पक्षी आणि कासवे या दोन्हींची दीर्घकाळ देखरेख करायची असेल, तर दोन्ही खाती उघडावीत, शून्यासह मोजणीचा नियम पहिल्या दिवसापासून लावावा, आणि वर्षातून एकदा दोन्ही सेवांवरील आपल्या नोंदी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून त्यांची एक प्रत गटातील किमान दोघांकडे ठेवावी. दोन्ही सेवा सदस्याला स्वतःच्या नोंदी उतरवून घेऊ देतात. मात्र ई-बर्डवर प्रत्येकाला आपापल्या खात्यातूनच हे करावे लागते, त्यामुळे गट सोडणाऱ्या सदस्याकडून त्याच्या याद्यांचा तक्ता तो असतानाच मागून घ्यावा.